हळदीला साबण लागला, कुर्ता लाल झाला: आता काय?

पत्र असं आहे:

‘सांगलीच्या गावभागात आम्हा नवरा-बायकोचं लॉन्ड्री आणि इस्त्रीचं दुकान आहे. तीन वर्षं झाली. ड्रायक्लीनची कापडं आम्ही बाहेरच्या प्लँटला पाठवतो, बाकी सगळं घरी. गेल्या महिन्यात हळदीच्या कार्यक्रमातला एक पांढरा कुर्ता आला. कॉटन समजून पावडर आणि सोड्याच्या गरम पाण्यात टाकला, तर डाग लालभडक झाले. घाबरून हायपो (क्लोरीनचं ब्लीच) ओतलं. डाग फिके झाले, पण कुर्ता पिवळट पडला आणि खांद्याशी विरला. गिऱ्हाईक म्हणतं, कॉटन-सिल्कचा होता, नऊ हजार द्या. पावतीवर मालकाच्या (म्हणजे गिऱ्हाइकाच्या) जबाबदारीवर असं छापलेलं आहे, ते चालेल का? दुसरं, पांढरे शर्ट धुतल्यावर बरे दिसतात आणि इस्त्रीखाली पिवळे पडतात, ते का? तिसरं, पुण्याहून एक जुनं ड्रायक्लीनचं मशीन स्वस्तात मिळतंय. कर्ज काढून घ्यावं का? म्हणजे असली कापडं आपल्याच हाताखाली राहतील. आणि पुराची भीती असतेच.’

ताई,

हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्या टबात तेच झालं. हळदीतला पिवळा रंग क्षार लागला की लाल होतो. चुना क्षार, सोडा क्षार, कपड्याची पावडरही क्षारच. म्हणजे तो लाल डाग नवा नव्हता आणि पक्काही झालेला नव्हता. त्याच क्षणी कुर्ता साध्या पाण्यातून काढून लिटरला दोन-तीन चमचे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवला असता, तर डाग परत पिवळा झाला असता आणि काम पुढे चालू राहिलं असतं. इथपर्यंत फारसं नुकसान झालं नव्हतं. घात केला तो हायपोने.

रेशीम आणि लोकर ही केसासारखी, प्रथिनांची बनलेली. हायपोतलं क्लोरीन प्रथिन खातं. आधी पिवळं करतं, मग विरवतं. तुम्ही वर्णन केलंय अगदी तसंच. कॉटन-सिल्कमध्ये बहुतेक वेळा उभा धागा एक आणि आडवा दुसरा असतो, त्यामुळे हाताला कॉटन लागतं आणि अर्धं कापड रेशीम निघतं. लेबल कापलेलं असेल तर आतल्या शिवणीतून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे ओढा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागद जळल्याचा वास देतो, मागे हलकी करडी राख उरते. रेशमाला केस जळल्यासारखी घाण येते, गोळा होतो पण बोटांत चुरडतो. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर चुरडता न येणारा कडक मणी उरतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त ते ड्रायक्लीनच्या द्रावणाजवळ किंवा स्पिरिटच्या बाटलीशेजारी करू नका.

सांगलीत लॉन्ड्री चालवायची म्हणजे हळद येणारच. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद, मार्केट यार्डातल्या हमालांच्या सदऱ्यांपासून लग्नातल्या पांढऱ्या कुर्त्यांपर्यंत सगळीकडे. तेव्हा ही एक पद्धत पाठ करून ठेवा.

पांढरं, पक्कं सुती कापड असेल तर आधी सुकी हळद मऊ ब्रशने झटका, चोळायची नाही. लग्नातली हळद तेलात कालवलेली असते, तिचा थर चमच्याच्या बोथट कडेने खरवडून घ्या. मग डागाखाली जुना पांढरा टॉवेल ठेवून कापड उलटं करा आणि मागच्या बाजूने कापसाने स्पिरिट टिपत जा. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटात आणि तेलात विरघळतो. म्हणून नुसतं पाणी मारून काही होत नाही. टॉवेलवर पिवळं उतरेल, दर वेळी टॉवेलची कोरी जागा डागाखाली आणा. स्पिरिट टिपताना खिडकी उघडी आणि जवळपास इस्त्री चालू नाही, एवढं बघा. पिवळं उतरायचं थांबलं की ईझीसारख्या क्षार नसलेल्या द्रव साबणाने गार पाण्यात धुवा आणि ओलंच उन्हात घाला. सुकलं की पुन्हा पाणी मारा. हळदीचा रंग उजेडात मोडतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तीन-चार तासांत निम्मं काम होऊन जातं, तेही फुकट.

एवढं करूनही छटा उरली तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे व्हॅनिशसारख्या पावडरीत असतं ते. लिटरला १० ग्रॅम, हाताला सोसेल इतकं गरम पाणी, तासभर भिजवणं. ते क्षारच असल्यामुळे उरलेली हळद सुरुवातीला पुन्हा लाल दिसेल. तिथे हात थरथरू देऊ नका, थांबा. नंतर स्वच्छ पाणी, आणि शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक.

हायपो फक्त शेवटचा उपाय, आणि तोही फक्त पांढऱ्या शुद्ध सुती कापडावर. डब्यावर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिली, दहा ते पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. आधी पाण्यात मिसळायचं आणि मग कापड सोडायचं. कापडावर नेम धरून ओतलं की तिथे भोक पडतं. १०-१२ टक्क्यांचं औद्योगिक हायपो आणत असाल तर मात्रा निम्म्याहून कमी करा. स्ट्रेच कापडातल्या लायक्रालाही हे चालत नाही, पिवळं पडतं. नंतर राहिलेलं क्लोरीन मारण्यासाठी लिटरला एक-दोन ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यातून काढा. गंमत अशी की फोटोवाले या थायोसल्फेटलाच ‘हायपो’ म्हणायचे. एकाच नावाच्या दोन वस्तू, एक ब्लीच आणि दुसरी त्या ब्लीचवरचा उतारा. दुकानात दोन्ही ठेवणार असाल तर डब्यांवर पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहा.

आणि एक गोष्ट मदतीला येणाऱ्या पोरालाही पाठ करायला लावा: व्हिनेगर, सायट्रिक, ऑक्झॅलिक, कुठलंही आम्ल हायपोत पडता कामा नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि लहान मोरीत तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही वापरायचं असेल तर मध्ये भरपूर साधं पाणी.

रेशमावर हळद असेल तर सोडा नाही, ब्रश नाही, ऊन नाही. आधी आतल्या शिवणीवर ओल्या पांढऱ्या फडक्याने अर्धा मिनिट दाबून रंग उतरतो का बघा, मग स्पिरिटने तीच चाचणी. दोन्हीत पास झालं तरच स्पिरिटने टिपा. पांढऱ्या रेशमावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं (केमिस्टकडे ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घाला). कापसाने लावा, दहा मिनिटांत गार पाण्याने काढून टाका, हवं तर पुन्हा. रंगीत रेशमावर पेरॉक्साइडचा मोह नको, डागाबरोबर साडीचा रंगही जाईल. आणि गिऱ्हाइकाला ‘निघेल’ असं कधी सांगू नका. ‘प्रयत्न करतो, छटा राहू शकते’ हे कापड हातात घेतानाच सांगायचं असतं, परत देताना सांगितलं तर ती सबब वाटते.

आता पांढऱ्या शर्टांचं. धुतल्यावर पांढरं आणि इस्त्रीखाली पिवळं, म्हणजे कापडात सोडा राहिलाय. गार असेपर्यंत तो दिसत नाही, २०० अंशांची इस्त्री फिरली की कापड पिवळं करतो. खळ जास्त दाट झाली आणि इस्त्री रेंगाळली तरी तांबूस झाक येते, पण ती डागाडागांनी येते, सगळ्या शर्टभर नाही. सगळ्या शर्टभर असेल तर खंगाळणं कमी पडतंय.

हे तपासायला हळदच वापरा. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटात ढवळून गाळा, त्या पिवळ्या पाण्यात टीपकागदाच्या किंवा पांढऱ्या फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा, झाकणाच्या डबीत ठेवा. शेवटच्या पाण्यातून काढलेल्या ओल्या शर्टाच्या कॉलरवर पट्टी दाबून धरा. तांबूस झाली तर सोडा अजून आत आहे. कॉलर आणि कफच बघा, कारण तिथे दुहेरी कापड आणि आत कॅनव्हास असतो, सोडा तिथेच दडून बसतो. मात्र आधी एक पट्टी तुमच्या नळाच्या आणि बोअरच्या नुसत्या पाण्यात बुडवून बघा. बोअरचं पाणीच क्षारयुक्त असेल तर पट्टी तिथेच रंग बदलेल आणि तुम्ही विनाकारण खंगाळत बसाल.

दोन पाण्यांऐवजी तीन पाणी काढा, आणि तिसऱ्यात लिटरला अर्धा ते एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पन्नास लिटरच्या टबाला २५ ते ५० ग्रॅम. नीळ आणि खळ त्यानंतर. पावडरच जास्त पडत असेल तर कितीही खंगाळा, पुरणार नाही. बहुतेक दुकानांत माप म्हणजे मूठ असते, आणि मूठ प्रत्येकाची वेगळी. एक डबा ठरवा.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन धाग्यात अडकतो, त्याने पांढरं करडं पडतं. तो वेगळा आजार आहे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर आणखी वेगळा: पाणी रात्रभर पांढऱ्या बादलीत ठेवा, सकाळी तळाला तांबूस साका दिसला तर त्या पाण्यात हायपो कधीच वापरू नका. हायपोने विरघळलेलं लोह गंज होऊन कापडातच बसतं आणि आपण पांढरं करायला जातो तेवढं पिवळं होत जातं. निदान शेवटचं पाणी तरी नगरपालिकेच्या नळाचं घ्या. (नगरपालिका म्हणजे महापालिका, पण नळाला सगळे अजून नगरपालिकेचाच म्हणतात.)

पैशाचं सांगायचं तर, चूक तुमची आहे. कापड न ओळखता ब्लीच झालंय, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ हे छापील वाक्य निष्काळजीपणाला ढाल होत नाही. ग्राहक आयोगासमोर गेलात तर सेवेत कसूर झाली का, एवढंच विचारलं जाईल. पण नऊ हजार म्हणजे नवीन कुर्त्याची किंमत. कुर्ता कधी घेतला, किती वेळा वापरला, हे विचारा, खरेदीची पावती मागा आणि वापराची घट धरून रक्कम ठरवा. धुलाईचे पैसे घेऊ नका. ठरलेली रक्कम दिल्यावर ‘या तक्रारीबाबत आता काही येणं नाही’ अशा दोन ओळी आणि दोघांच्या सह्या. हे गोड बोलून होतं. गावभागात गिऱ्हाईक एक तुटलं तर त्याच्याबरोबर त्याची अख्खी गल्ली तुटते.

ज्या पावतीवर ते वाक्य छापलंय तिचाच उपयोग आम्ही वेगळा सांगू. मुळात पावती न देणं हेच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानलं आहे, तेव्हा ती प्रत्येकाला द्याच. त्यावर वस्तूचं नाव आणि रंग, कापड (ओळखलेलं, अंदाजाने नाही), आधीचे डाग आणि फाट, तुटकं बटण, आणि काय करायचं ठरलं ते: हँडवॉश, ड्रायक्लीन, की नुसतं रोल-पॉलिश. काउंटरवर पांढऱ्या सनमायक्याचं टेबल आणि वर एक चांगला दिवा लावा. कापड त्यावर गिऱ्हाइकासमोर उलगडायचं, खिसे उलटे करायचे, काख आणि कॉलर बघायची, मोबाइलवर दोन फोटो काढायचे. पैठणी असेल तर उजेडासमोर धरा. घडीवर विरलेली जागा लगेच चमकते, आणि जरीच्या काळेपणाचा ठपका तुमच्या माथी येत नाही. हल्लीच्या बऱ्याच जरीत तांब्यावर चांदीचा मुलामा असतो, ती दमट कपाटात आणि अत्तराने काळवंडते. धुण्याने उजळत नाही.

आणि विचारा: यावर काही सांडलं होतं का? सरबत, उसाचा रस, कोल्ड्रिंक वाळल्यावर दिसत नाही. ड्रायक्लीनचं द्रावण तेल-तूप काढतं, साखर काढत नाही. मग प्रेसची वाफ आणि उष्णता लागली की ती साखर करपते आणि तपकिरी डाग उगवतो. गिऱ्हाईक म्हणतं, देताना डाग नव्हता. ते खरंच बोलत असतं. असा डाग प्लँटला पाठवायच्या आधी, कापड सोसत असेल तर, गार पाण्याने टिपून काढायचा असतो, आणि पाठवताना चिठ्ठीवर जागा दाखवायची असते. ब्लाउजवर डकवलेले खडे आणि टिकल्याही बघा. काही प्लॅस्टिक आणि गोंद पर्कमध्ये (पर्क्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनचं नेहमीचं द्रावण) विरघळतात, बटणंसुद्धा. लेबलवर गोलात ‘पी’ असेल तर पर्क चालतं, ‘एफ’ असेल तर फक्त हायड्रोकार्बनचं द्रावण, आणि गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नाहीच. खुणेसाठी जुने लोक बिब्बा वापरायचे. त्याने अंगावर फोड येतात, त्यामुळे कापडी पट्टी टाचणीने किंवा टाक्याने लावा.

मशीन. आमचं मत: आत्ता नको. पहिलं कारण, कुर्ता मशीन नसल्यामुळे बिघडला नाही. तो काउंटरवर चुकला. मशीन घरात असतं तरी तुम्ही तो कॉटन समजून टबातच टाकला असता.

दुसरं कारण हिशोबाचं. एक सूट साधारण एक ते दीड किलो, साडी अर्धा ते पाऊण किलो. १० किलोचं मशीन भरायला सात-आठ सूट लागतात, आणि गडद-फिकं एकत्र चालत नाही म्हणजे दोन वेगळे लोड जमेपर्यंत थांबायचं. पुढचे सहा महिने प्लँटला जाणारं प्रत्येक कापड वजन करून वहीत लिहा, गडद आणि फिकं वेगळं. लग्नसराईचे आकडे बघून हुरळू नका. आषाढ ते भाद्रपदाचे आकडे बघा. हप्ता तेव्हाही असतो.

तिसरं, जुनं मशीन बहुधा पर्कचं असेल. पर्क पेटत नाही हा त्याचा गुण, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठते, डोकं दुखतं, चक्कर येते, आणि दीर्घकाळ यकृत-मूत्रपिंडावर परिणाम होतो. कर्करोगाचा संशयही आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनमधून पर्क १० वर्षांत काढून टाकण्याचा नियम केला. मशीन विकायला निघतंय त्यामागे असंही कारण असू शकतं. मागे खोली आणि वर घर, अशा गावभागातल्या वाड्यात ते बसवू नये. शिवाय त्याचा गाळ घातक कचरा असतो, गटारात सोडता येत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सोपस्कार आहेत. तरी बघायला जाणारच असाल तर स्वच्छ फेरी चालवून घ्या आणि शेवटी बाहेर आलेलं कापड नाकाला लावा. पर्कचा गोडसर वास येत असेल तर द्रावण पूर्ण परत जमा होत नाही: लिंट फिल्टर चोंदलाय, कूलिंग कॉइल दमलीय किंवा दाराचं गॅस्केट गेलंय.

कुणी स्वस्त मार्ग म्हणून टबात पेट्रोल किंवा टर्पेंटाइन घेऊन धुवायला सुचवेल. ज्या खोलीत इस्त्री चालते तिथे हे करणं म्हणजे स्वतःच्या हाताने आग लावणं. घासताना स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते.

कर्ज काढायचंच असेल तर वाफेच्या इस्त्रीचा छोटा बॉयलर आणि व्हॅक्यूम टेबल (कापडातली वाफ खाली ओढून घेणारं इस्त्रीचं टेबल) घ्या. तुमच्या दुकानाचं रोजचं काम इस्त्रीचं आहे. घडी लगेच बसते, कापड दमट राहत नाही, आणि सूट-शेरवानीचा प्रेस हातात येतो, ज्याचे प्लँटवाले वेगळे पैसे लावतात.

पुराचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तुमचं दुकान नदीकाठच्या गावभागात, तेव्हा ४० ची वाट बघू नका. पाणी पस्तीसच्या पुढे चढतंय आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आहे, एवढं झालं की नवी कापडं घेणं बंद, तयार कापडं फोन करून घरपोच. राहिलेली प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पावती क्रमांक बाहेर दिसेल अशी, माडीवर. इस्त्रीचं बटण बंद करून प्लग काढून ठेवा, बॉयलर असेल तर त्याची मोटर वर उचला. एखादा गठ्ठा भिजलाच तर चिखल वाळण्याआधी नुसत्या पाण्याने काढा, साबण नंतर. रंग सुटणारी कापडं आधी वेगळी करा. ओला गठ्ठा तसाच राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरते. आणि पावतीपुस्तक सगळ्यांच्या आधी वर न्या.